ग्रुपात लोकांना बोलतं करायचंय? पॉइंट्स बंद करा, चिंचोके काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, ३४० मेंबर, बोलणारे दहा-बारा, बाकीचे नुसते वाचून गप्प. मेंटेनन्समधनं लाखभर रुपये उरलेत, ते कशावर खर्च करायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवावं अशी तुमची इच्छा. मग ग्रुपवर गेम ठेवला, क्विझ घेतली, मेसेजला पॉइंट, महिन्याला पहिला नंबर, बक्षीस, असं केलं तर लोक भाग घेतील का, आणि कुठलं अॅप वापरू?

खेळ नक्की ठेवा. पण पॉइंट आणि बक्षीस ठेवू नका, आणि अॅपचं सगळ्यात शेवटी बघा. दहाएक वर्षं वस्त्यांचे, सोसायट्यांचे, बचतगटांचे ग्रुप चालवायला मदत करतोय, आणि तुम्ही जे करू बघताय ते मी सुरुवातीलाच करून तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतो.

तेव्हा मी एका ग्रुपात असंच केलं होतं. मेसेजला ५ पॉइंट, फोटोला १०, तक्रारीबरोबर उपाय सुचवला तर १५, आणि महिनाअखेर पहिल्याला डबलबेडची सोलापुरी चादर. पहिल्या आठवड्यात मी लई खूष, मेसेजच मेसेज. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की सकाळी साडेपाचला गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात येतंय, मग सुविचार, मग त्याच नळाचा तोच फोटो तीन वेगवेगळ्या बाजूंनी, कारण फोटोला १०. एक रिटायर्ड गुरुजी पहिले आले, माणूस देवमाणूस, पण त्यांनी महिनाभरात एकही मत मांडलं नव्हतं. दुसऱ्या नंबरवाल्यानं माझ्या एक्सेल शीटमध्ये चूक काढली, त्यावरनं दोन दिवस भांडण. चादर वाटून झाली आणि ग्रुप असा थंड पडला की आधी जे पाच-सहा जण मनापासून लिहायचे तेपण बंद झाले. एकाला विचारलं तर म्हणाला, आता काय, पॉइंट थोडेच हायत.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे काय माझ्या एकट्याच्या नशिबी आलेलं नव्हतं. १९७३ साली अमेरिकेत बालवाडीच्या पोरांवर एक प्रयोग झाला, ज्यांना स्केचपेननं चित्र काढायला मुळातच आवडायचं त्यांना आधी सांगून बक्षीस दिलं, आणि पुढं ती पोरं मोकळ्या वेळात त्या पेनाकडं आधीपेक्षा कमी वळली. स्टॅक ओव्हरफ्लो म्हणून प्रोग्रामर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट आहे, तिथं कामाबद्दल मिळणाऱ्या बॅजवर, म्हणजे बिल्ल्यांवर, २०१३ ला अभ्यास आला, बॅज जवळ आला की माणूस जोर लावतो आणि मिळाला की ढिला पडतो. विकिपीडियानं तर नवीन लोकांना संपादन शिकवायला अख्खा गेमच बनवला, खेळणाऱ्यांना तो आवडला, मात्र तपासून बघितलं तर खेळलेल्यांचं पुढचं योगदान न खेळलेल्यांपेक्षा काही वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे खेळ आवडणं आणि कामात उतरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

क्विझचंपण तसंच, आणि हे मुद्दाम सांगतो कारण तुमच्या मेसेजमध्ये क्विझचा उल्लेख आहे. १२ जानेवारीला आम्ही ग्रुपवर चार हुतात्म्यांवर क्विझ घेतो. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ह्यांना येरवड्यात फाशी दिली, त्यावर प्रश्न. पोरं भरभरून उत्तरं देतात, छान वाटतं. पण क्विझला बरोबर उत्तर असतं आणि ते कुणालातरी आधीच माहीत असतं. लाख रुपये कॅमेऱ्यावर घालायचे का झाडांवर, ह्याला बरोबर उत्तर नाही, तिथं माणसाला स्वतःचं काहीतरी पुढं ठेवावं लागतं आणि चारचौघांत आपटायची भीती असते. क्विझमधनं ती भीती जात नाही, उलट चुकलो तर हसतील हेच जास्त पक्कं होतं.

मग खेळात आपल्या कामाचं आहे तरी काय? माझ्या मते एकच गोष्ट, पाळी. कॅरम घ्या, पत्ते घ्या, लुडो घ्या. समोरचा नगरसेवक असू दे नाहीतर अख्ख्या गल्लीचा दादा, माझी पाळी आली की त्याला थांबावं लागतं, आणि माझी पाळी आली की मला काहीतरी टाकावंच लागतं, पानं हातात धरून नुसतं बघत बसता येत नाही. ग्रुपवर पाळीच नसते. ज्याचा अंगठा जास्त चालतो त्याचंच राज्य. गप्प बसणारे आळशी नसतात हो, त्यांना शिरायला फटच मिळत नाही. हीच माणसं पार्क चौकात चहाच्या गाड्यावर उभी केली की उजनीच्या पाण्यावर तासभर बोलतात.

रेडिट म्हणून गप्पा-चर्चेची साइट आहे, तिथं २०१७ च्या १ एप्रिलला प्लेस नावाचा एक खेळ झाला होता, पाळीची ताकद बघायची तर तो बघा. हजार गुणिले हजार चौकोनांचा कोरा कॅनव्हास, तुम्ही एका वेळी एकाच चौकोनात रंग भरायचा, मग पाच ते वीस मिनिटं थांबायचं. ७२ तास, दहा लाखांवर माणसं. एकट्यानं काही म्हणजे काही बनत नव्हतं, म्हणून लोकांनी गट केले, शेजारच्या चित्रवाल्यांशी तह केले, हद्दी ठरवल्या, मोडल्या, परत बोलले. कुणी बक्षीस दिलं नव्हतं. चाल दुर्मिळ केली आणि एकट्याला पुरेना अशी केली, एवढंच.

हे आपल्या ग्रुपात आणणं अगदी सोपं आहे. ॲडमिन सेटिंगमध्ये फक्त ॲडमिन मेसेज टाकतील असं करता येतं, आम्ही दिवसभर ते चालू ठेवायचो आणि रात्री ८ ते ९ उघडायचो. त्या तासात एकानं एकच मेसेज टाकायचा, व्हॉइस असेल तर तीस सेकंदांच्या आत. पहिले तीन दिवस मला शिव्या बसल्या. चौथ्या दिवशी एक काकू बोलल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा, व्हॉइस नोटवर, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, पाणी सोडायची वेळ आदल्या रात्री कळली तर कामावर जायचं का नाही ते ठरवता येतं, असं काहीतरी. चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ह्याच्याएवढा कामाचा मेसेज त्या ग्रुपवर कधी आलाच नव्हता. एरवी हा फॉरवर्डच्या ढिगाऱ्याखाली गेला असता.

आता पैशाचं. तुमच्या लाखाला मी जो खेळ सुचवीन त्याला आमच्याकडं चिंचोके म्हणतात. पुस्तकी नाव क्वाड्रॅटिक व्होटिंग. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या विधानसभेतल्या डेमोक्रॅट आमदारांनी २०१९ ला कुठल्या विधेयकांना आधी पैसे द्यायचे हे असंच ठरवलं होतं, प्रत्येकाला १०० टोकन. तैवानच्या सरकारी हॅकेथॉनमध्येही (लोकांच्या प्रश्नांवर तोडगे बनवायची स्पर्धा) हीच पद्धत, तिथं ९९.

नियम असा. प्रत्येकाला ठराविक चिंचोके. एखाद्या कामाला एक मत द्यायचं तर १ चिंचोका, दोन मतं द्यायची तर ४, तीन द्यायची तर ९, चार द्यायची तर १६. म्हणजे मत वाढवाल तसं ते महाग होत जातं. ज्याला एखादी गोष्ट मनापासून पायजे तो जास्त मोजू शकतो, पण त्यासाठी बाकीच्यावरचं सोडावं लागतं.

चिंचोके किती द्यायचे ह्यात खरी गंमत आहे. मी आधी १६ द्यायचो, तर लोक सरळ चार मतं एकाच कामावर लावून मोकळे, बाकीच्या कामांचं वाचायचेपण नाहीत. मग तैवानचा ९९ चा आकडा डोक्यात शिरला. १०० असते तर दहा मतं एकावर बसली असती, एक कमी ठेवल्यामुळं नऊच बसतात, ८१ जातात, १८ हातात उरतात आणि उरलेत तर टाकायचे कुठं म्हणून माणूस बाकीची यादी बघतो. म्हणून मी १५ करून टाकले. आवडत्याला तीन मतं म्हणजे ९ गेले, राहिले ६, त्यात दुसऱ्याला दोन मतं म्हणजे ४, आणि उरलेल्या दोघांना एक-एक. बरोब्बर १५. चार कामं असली की हिशोब असा चपखल बसतो.

एका सोसायटीत ४५ हजार होते आणि चार कामं: गेटवर कॅमेरा, बागेत बाकडी, पाठीमागच्या बोळात दिवे, कडेनं झाडं. आधी साधं मतदान घेतलं, ७१ जणांनी भाग घेतला. कॅमेरा ३८, बाकडी १४, दिवे ११, झाडं ८. सरळ बहुमत, विषय संपला असता. मग त्याच ७१ जणांना चिंचोके दिले. दिवे १५१, कॅमेरा १३९, झाडं १०१, बाकडी ८८.

हे कसं झालं म्हणून मी रात्री बसून एकेक चिठ्ठी बघितली. दिवे पहिले मागणाऱ्या त्या ११ जणी होत्या, सगळ्या बायका, बहुतेक टॉवेलच्या नाहीतर गारमेंटच्या कारखान्यातनं उशिरा घरी येणाऱ्या, त्यांनी तीन-तीन मतं लावली, पण त्याची बेरीज ३३ च. खरी कमाल बाकीच्यांनी केली. कॅमेरावाल्यांनी तीन मतं कॅमेऱ्याला दिली आणि हातात ६ उरल्यावर बहुतेकांनी दोन मतं दिव्यांना दिली. कुणाचा विरोध नव्हताच की दिव्याला, पहिल्या मतदानात कुणी विचारलंच नव्हतं की दुसरं काय पायजे. पुरुष मंडळी त्या बोळातनं जातच नाहीत, गाड्या पुढनं लावतात, त्यामुळं डोक्यात नव्हतं, बस्स.

हे करताना खरेखुरे चिंचोके वापरा असं मी म्हणतो, ग्रुप ऑनलाइन असला तरी. कारण एका घरात एक स्मार्टफोन, तो नवऱ्याच्या खिशात, आणि घरचं मत म्हणजे त्याचं मत असं होऊन बसतं. आम्ही चार डबे देवळाच्या ओट्यावर ठेवले, माणशी एक पुडी आणि कुठल्या डब्यात किती टाकले ते लिहायला एक चिठ्ठी, आणि ज्यांना येणं जमत नाही त्यांनी घरीच मांडून चार ढिगांचा फोटो ॲडमिनला पर्सनलवर पाठवायचा. आकडे आणि वाद मात्र ग्रुपवर, रात्री ८ ते ९. कामांची नावं मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदीत व्हॉइस नोट करून टाकली. ह्या गावात एका भाषेत खेळ मांडला तर निम्मं गाव बाहेरच राहतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि व्हॉट्सअॅपच्या पोलवर पैशाचं मतदान घेऊ नका. त्यात कुणी काय निवडलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. चेअरमनचं नाव एका पर्यायाखाली दिसलं की पुढचे पंधरा जण तिथंच बोट ठेवतात, आणि भाडेकरू तर घरमालकाच्या विरुद्ध कशाला जाईल. गणपतीत मोदक का लाडू हे विचारायला पोल झकास आहे. बाकीच्याला गूगल फॉर्म, नाव लपवून.

वाद पेटलेला असेल, म्हणजे भटक्या कुत्र्यांसारखा विषय, तर चिंचोके चालत नाहीत, तिथं पोलिस नावाचं फुकट साधन बघा (आपले पोलिस न्हवं, पोल आणि डॉट आणि आयएस). लोक छोटी वाक्यं टाकतात आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला सहमत, असहमत किंवा पुढं जा एवढंच म्हणू शकतात. रिप्लायचं बटणच नाही, त्यामुळं भांडण लागायला जागाच नाही. तैवानात २०१५ ला उबर टॅक्सीच्या प्रश्नावर हे वापरलं होतं, लोकांचे गट नकाशावर दिसतात आणि कुठल्या वाक्याला दोन्हीकडचे हो म्हणताहेत तेपण दिसतं, त्यामुळं लोक आपोआप दुसऱ्या बाजूलाही पटेल असं वाक्य शोधायला लागतात. हा खेळच झाला की, फक्त त्यात समोरच्याला हरवून जिंकता येत नाही. आमच्या कुत्र्यांच्या भांडणात खायला घालणारे आणि चावून घेतलेले दोघंही एकाच वाक्यावर आले: नसबंदी करा आणि खायला घालायची जागा गेटपासून लांब ठरवा. तीन महिने ग्रुपवर ह्याच दोन पार्ट्या एकमेकांच्या सात पिढ्या काढत होत्या.

अजून एक, नियम. खेळाचे नियम बदलायचा हक्क खेळणाऱ्यांना द्या, नाहीतर तुम्ही ॲडमिन न राहता रेफरी बनता आणि रेफरीला कोण विचारतं. २०१४ च्या फेब्रुवारीत ट्विच ह्या लाइव्ह गेम दाखवणाऱ्या साइटवर लाखो लोकांनी मिळून एकच पोकेमॉन गेम खेळला होता, चॅटमध्ये डावी-उजवी असं टाइप करायचं आणि पात्र चालायचं. आधी ज्याची कमांड येईल ती चाले, नुसता गोंधळ. मग डेमोक्रसी मोड आणला, ठराविक सेकंदांची मतं मोजून एकच चाल. तर बऱ्याच लोकांनी त्या मोडविरुद्धच बंड केलं, कारण खेळ संथ झाला आणि त्यांना न विचारता बदलला. शेवटी कुठला मोड चालवायचा हेच मतावर ठेवलं, आणि सोळा दिवसांत गेम पूर्ण झाला. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी नियमांची पाळी असते, कुणीही एक नियम सुचवायचा, दोनतृतीयांश हो म्हणाले तर महिनाभर चालवून बघायचा. एका सातवीतल्या पोरीनं सुचवलं की फॉरवर्ड टाकायचं असेल तर खाली स्वतःच्या दोन ओळी लिहायच्या. निम्मे फॉरवर्ड त्या दिवशीच गायब.

गैरप्रकार होणार, धरून चाला. मतदानाच्या आदल्या दिवशी अचानक पंचवीस-तीस नवीन नंबर ग्रुपात ॲड झाले की समजायचं कुणीतरी जोर लावतोय. यादी सात दिवस आधी बंद करा आणि ती ग्रुपवर टाका, एवढ्यानं बराच बंदोबस्त होतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक शेवटी सांगतो. एका वस्तीत आम्ही चिंचोके, नकाशा, सगळं केलं, मोकळ्या जागेत काय हवं ते पोरांनी काडेपेट्या मांडून दाखवलं, वरनं फोटो काढून ग्रुपवर दोनशे जणांनी बदल सुचवले, आणि निकाल घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथनं आजतागायत उत्तर नाही. ती जागा आमच्या हातातली नव्हतीच, मी तपासायला हवं होतं. पुढच्या वेळी त्याच लोकांना बोलावलं तर एक आजोबा म्हणाले, तुझा भातुकलीचा खेळ झाला की सांग, मग येतो. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांच्या सूचना घेतात, तिथं निदान सूचना कुठल्या टेबलावर जाणार हे आधी ठरलेलं असतं. आपल्याकडं २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं बराच काळ प्रशासकच होते, तेव्हा तर आपला निकाल घेऊन नगरसेवकाकडं जायचीपण सोय नव्हती. तुमचं बरंय, लाख रुपये सोसायटीचेच आहेत. पण खेळ सुरू करायच्या आधी कमिटीकडनं लेखी घ्या की जे काम पहिलं येईल ते अमुक तारखेपर्यंत सुरू होईल, आणि त्या कागदाचा फोटो ग्रुपवर पिन करा. कमिटी नाही म्हणाली तर खेळ घेऊच नका, खरंच सांगतो, गप्प ग्रुप परवडला.

अॅपचं विचारलंत, तर तुमच्याकडं आहे तेच व्हॉट्सअॅप, एक गूगल फॉर्म आणि ३४० माणसांचे ५,१०० चिंचोके. मंडईत चिंच फोडणाऱ्या बायकांकडं मागा, मिळून जातात. आणल्यावर धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, आम्ही तसेच पुड्यांत बांधले होते तर मतदानापर्यंत निम्म्यांना किडे लागले आणि एका मावशींच्या पुडीतनं १५ च्या जागी ११ निघाले, त्यावरनं फेरमतदान घ्यावं लागलं.